बेस बंद होण्याआधीचा रविवार

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून आत वळलं की दोन गल्ल्या सोडून आंतोनवाडी लागते. वाडी म्हणायची ती आता सवयीने. राहिलीत मोजकीच घरं, मधोमध एक क्रूस, कोपऱ्यात एक विहीर आणि चारी बाजूंनी वाकून बघणारे टॉवर. या वाडीत विल्मा मिस्किटाला नुसतं विल्मा कुणी म्हणत नाही, विमानवाली विल्मा म्हणतात. पूर्वी वाडीत दुसरीही एक विल्मा होती, ती केक करायची, म्हणून दोघींची अशी वाटणी झाली. केकवाली विल्मा मुलीकडे बोरिवलीला गेली त्यालाही जमाना झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

खरं तर विल्मा विमानात चढायची बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. तरुणपणी ती भरपूर उडाली, मग कमरेने दगा दिला आणि कंपनीने तिला जमिनीवर आणलं. 'किनारा एअर' ही काही फार मोठी कंपनी नव्हे. दिल्ली, हैदराबाद आणि मुंबई अशा तीन ठिकाणी तिचे बेस होते. बेस म्हणजे जिथून विमानातल्या मुलींची ड्यूटी सुरू होते आणि जिथे परत येऊन ती संपते ते शहर. मुंबई बेसच्या सगळ्या मुली विल्माच्या हाताखाली. त्यांना घडवायचं तिने, त्यांच्या ड्यूट्या लावायच्या तिने आणि नखं वाढली म्हणून घरी पाठवायचं तेही तिनेच. तिचं ऑफिस परळला होतं, एका बंद गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत.

विल्माची एक परीक्षा होती आणि ती सगळ्या बेसेसमध्ये प्रसिद्ध होती. नव्या मुलीने ट्रे घेऊन खुर्च्यांच्या दोन रांगांमधून चालायचं आणि कपात गरम चहा ओतायचा. ती ओतत असताना विल्मा हळूच तिच्या कानाशी जायची आणि काहीतरी भयंकर सांगायची. मागच्या टॉयलेटमधून धूर येतोय. कॅप्टन बेशुद्ध पडलाय. तुझ्या घरून फोन होता, लगेच बोलावलंय. तेवढ्यात मुलीच्या चेहऱ्यावरची एक रेघ जरी हलली तरी ती नापास. "चहा सांडला तर चालेल," विल्मा म्हणायची, "चेहरा सांडायचा नाय. विमान हललं की पॅसेंजर खिडकीतून बाहेर बघत नाय, तुमच्या तोंडाकडे बघतो. तुम्ही शांत तर तो शांत."

ही विद्या खोटी नाही. हवेत हादरे बसायला लागले की दीडशे माणसांचा जीव एका मुलीच्या हसऱ्या तोंडाला टांगलेला असतो, हे विल्माने स्वतः अनुभवलं होतं. फक्त या विद्येची एक खोड आहे. युनिफॉर्म काढून ठेवता येतो, ही काढून ठेवता येत नाही. विल्माचा नवरा ॲलॉयशियस गोदीतून रिटायर झालेला गडी, दिवसभर ओट्यावर बसून मांजरांना बांगड्याची डोकी घालायचा. तो म्हणायचा की लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायको रागावलेली आहे की जेवण झालंय का विचारतेय, हे त्याला अजून कळत नाही.

या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झालेली मुलगी म्हणजे कॅरिसा. समोरच्या घरातल्या ज्युलिएट घोन्सालविसची धाकटी. तिच्या बाप्तिस्म्याला विल्माने तिला हातात धरलं होतं, म्हणजे विल्मा तिची गॉडमदर. विल्माला स्वतःचं मूल नाही, त्यामुळे हे नातं तिने जरा जास्तच मनावर घेतलेलं. कॅरिसाची परीक्षा होती त्या दिवशी विल्माने तिच्या कानात सांगितलं, "आमचा ॲलॉय गेला. आत्ताच फोन आला." कॅरिसाने चहा काठोकाठ ओतला, हसून विचारलं, "शुगर, सर?" आणि ट्रे जागेवर ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडली. खोटं आहे हे तिला माहीत होतं, तरी रडली. संध्याकाळी वाडीत आल्यावर तिने ओट्यावरच्या ॲलॉयशियसला घट्ट मिठी मारली. कशासाठी ते त्याला आजतागायत माहीत नाही.

पण गॉडमदर म्हणून विल्माने कॅरिसाला कधी झुकतं माप दिलं असेल, असं कुणी समजू नये. उलटच होतं. लोकांनी बोट दाखवू नये म्हणून ख्रिसमसची ड्यूटी हमखास कॅरिसाच्या वाट्याला यायची. ज्युलिएट कुरकुरायची, "सावत्र आई परवडली तुझ्यापेक्षा." विल्मा म्हणायची की एकीला एक आणि दुसरीला दुसरं असं मी आयुष्यात केलं नाही आणि करणारही नाही. हा तिचा अभिमान होता आणि तो रास्तही होता. पुढे जे झालं ते या अभिमानातूनच झालं, म्हणून आधी सांगून ठेवलं.

दिवाळी संपली आणि हेड ऑफिसहून दोन साहेब आले. परळच्या ऑफिसात न येता त्यांनी विल्माला दादरच्या एका हॉटेलात बोलावलं, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. साहेबांनी इडली मागवली आणि खायला सुरुवात केल्यावर सांगितलं की मुंबईचा बेस बंद होतोय. इंजिनं नादुरुस्त, अर्धी विमानं नुसती उभी, मुंबई परवडत नाही. पायलट दुसरीकडे जातील. केबिनच्या मुलींना मात्र दुसरीकडे जागा नाही, हैदराबादला तिथल्याच मुली जास्त झाल्यात. विल्मासाठी जागा आहे. हैदराबादला ट्रेनिंगची प्रमुख म्हणून तिने यावं, अशी कंपनीची इच्छा आहे. मुलींना डिसेंबरच्या सुरुवातीला सांगायचं आणि ते विल्मानेच सांगायचं, कारण मुली तिचं ऐकतात. तोवर कुणाला कळता कामा नये. आत्ता कळलं तर मुली भराभर दुसरीकडे जातील, फ्लाइट रद्द कराव्या लागतील आणि जे वाचवायचं आहे तेही वाचणार नाही. धाकट्या साहेबाने चटणी पुढे सरकवत विचारलं, "वी कॅन ट्रस्ट यू, विल्मा?"

विल्माने हो म्हटलं. तिच्या तोंडावर तेव्हा काय होतं ते त्या साहेबांनाही कळलं नसणार. ती टॅक्सीने घरी आली, ॲलॉयशियसला जेवायला वाढलं, कपडे वाळत घातले. शब्द दिला होता आणि दिलेल्या शब्दाला जागायची तिला सवय होती. नवऱ्यालाही तिने काही सांगितलं नाही.

मग तो रविवार आला.

चर्चमध्ये मिसा आटोपून विल्मा घरी आली होती. येताना गुणवंतीकडून तिसऱ्या घेतल्या होत्या. गुणवंती म्हणजे गिरगावच्या बाजारात बसणारी कोळीण, विल्माची जुनी ओळखीची. विल्मा विळीवर बसून तिसऱ्या उघडत होती तेव्हा कॅरिसा दारात येऊन टेकली. जानेवारीत तिचं लग्न होतं. डॅरेन नावाचा मुलगा, परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा, गुणी होता. विल्माला वाटलं, लग्नाचंच काहीतरी काम असेल.

"आंटी, एक विचारायचं होतं. मॅडम म्हणून नाय, गॉडमदर म्हणून."

"विचार. हात कामात आहेत, कान रिकामे आहेत."

कॅरिसाने सांगितलं ते असं. दुसऱ्या एका कंपनीत तिने गंमत म्हणून इंटरव्ह्यू दिला होता आणि तिची निवड झाली होती. बेस मुंबईच. फक्त तिथे नवीन म्हणून सुरुवात करायची, सगळ्यात खालून. इकडे जानेवारीत ती केबिन इनचार्ज होणार होती, विल्मानेच तसं सांगितलं होतं. त्या कंपनीला आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं, उद्यापासून त्यांची नवी बॅच सुरू होणार होती.

"डॅरेन बोलतो घे. मम्मी बोलते विल्माला विचार. मला पण वाटलं तुलाच विचारावं."

विल्माच्या हातातली शिंपली उघडायला जरा वेळ लागला. "तिकडे पहिल्यापासून सगळं करावं लागेल," ती म्हणाली. "काल आलेल्या पोरी तुला ऑर्डर देतील. चालेल का तुला, ते बघ."

यातला शब्दन् शब्द खरा होता. त्या चहाच्या परीक्षेबाहेर विल्मा कधी खोटं बोलत नसे आणि आत्ताही बोलली नाही. अशा वेळी खरं किती कामाला येतं, ते ज्याने त्याने आपापल्या आयुष्यात पाहिलं असेलच.

"ते तर आहेच," कॅरिसा म्हणाली. "पण इकडे सगळं ठीक आहे ना? लोक काय काय बोलतात. विमानं नुसती उभी करून ठेवलीयत बोलतात."

"लोक बोलतात ते मीपण ऐकते."

कॅरिसा तिच्याकडे बघत राहिली. हवेत हादरे बसायला लागले की खिडकीजवळचा पॅसेंजर वळून जसा बघतो, तशी. आणि विल्माने तेच केलं जे ती आयुष्यभर शिकवत आली होती. तिने ठरवून केलं असं म्हणवत नाही. चेहरा आपोआप जागच्या जागी बसला. कपाळ मोकळं, ओठांच्या कडेला हसू आहे की नाही असं हसू, नजर स्थिर. खरं म्हणजे हा चेहरा कसा तयार होतो ते जगात कुणाला ठाऊक असेल तर ते कॅरिसालाच. तिने तो स्वतः शेकडो वेळा वापरला होता. पण ती त्या वेळी शिकाऊ नव्हती, एअरहोस्टेस नव्हती. गॉडमदरच्या स्वयंपाकघरात उभी होती. घरात कुणी ट्रे घेऊन चालत नाही, असं तिला वाटलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि मागून वाकून विल्माच्या गळ्यात हात टाकून, तिच्या गालाला गाल लावून निघून गेली.

खिडकीतून क्रूसापुढची जागा दिसते. तिथे उभी राहून कॅरिसाने नकार कळवायला त्या दुसऱ्या कंपनीला फोन लावला. ती हसत बोलत होती, मोकळ्या हाताने क्रूसावरची सुकलेली झेंडूची माळ सारखी करत होती. फोन तसा लांबलाच. विल्मा विळीवरून उठून खिडकीशी आली होती. 'अगं थांब' एवढे दोन शब्द पुरले असते. बाकीचं नंतर बघता आलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे बाकीच्या मुली उभ्या राहिल्या. लालबागची मनाली, कुलाब्याच्या कोळीवाड्यातली शेफाली आणि अशा कितीतरी. त्यांची गॉडमदर बेसची प्रमुख नव्हती. कॅरिसाला सांगायचं आणि त्यांना नाही, हे कुठल्या तोंडाने करायचं? आणि कॅरिसाला सांगितलं तर ती मनालीला सांगितल्याशिवाय राहणार नाही, दोघी जिवाभावाच्या. मनालीकडून ते सगळीकडे जाणार. मग दिलेल्या शब्दाचं काय? विल्मा असा सगळा विचार नीट करत होती आणि तेवढ्यात कॅरिसाने फोन पर्समध्ये टाकला.

त्या दिवशी तिसऱ्यांच्या कालवणात मीठ कमी पडलं. ॲलॉयशियसने वरून घालून घेतलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला ती सकाळ आली. परळच्या ऑफिसात काचेच्या एका खोलीत विल्माला बसवलं आणि मुलींना एकेक करून आत सोडलं. बाजूला हेड ऑफिसचा एक पोरगेला माणूस बसला होता, त्याचं काम नुसतं मान हलवायचं. बोलायची वाक्यं ठरवून दिलेली होती, विल्माला ती पाठ होती. शेफाली रडली. तिच्या घरात तिच्याआधी कुणी नोकरी केली नव्हती. सगळे मासळीत. ती नोकरीला लागली तेव्हा कोळीवाड्यात बँजो वाजला होता. आता घरी काय सांगू, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. विल्माने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

मनाली रडली नाही. तिच्या वडिलांची लालबागला मसाला कुटायची गिरणी, घर गिरणीच्या वरच. अंगाला मिरचीचा वास येतो म्हणून ती रोज युनिफॉर्मवर परफ्यूमची अर्धी बाटली मारायची आणि बाकीच्या तिला त्यावरून पिडायच्या. तिने सगळं ऐकून घेतलं. "चला," ती म्हणाली, "परफ्यूमची कटकट गेली." दारापर्यंत जाऊन ती परत आली आणि विल्माशी शेकहँड केला. "तुमचे पण हालच आहेत ना, मॅडम. आम्हाला सांगायचं म्हणजे."

कॅरिसाचा नंबर शेवटी लागला. तोवर बाहेर सगळ्यांना कळलंच होतं, त्यामुळे ती आत आली ती ऐकायला आली नव्हती. ती खुर्चीच्या कडेवर बसली. विल्माने पाठ केलेली वाक्यं सुरू केली, पण कॅरिसाने दुसऱ्याच वाक्याला हात वर केला, वर्गात करतात तसा.

"तुला कधी कळलं?"

पोरगेल्या माणसाने विल्माकडे पाहिलं. विल्मा म्हणाली, "त्या रविवारच्या आधी."

कॅरिसाने मान डोलावली. उठली, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि गेली. दार तिने आवाज न करता लावलं.

त्या दुसऱ्या कंपनीची बॅच केव्हाच भरली होती. कॅरिसाने फोन केला तेव्हा पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली की पुढच्या वर्षी कळवू. मग ती चर्नी रोडच्या एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर बसायला लागली. दात दुखणाऱ्या माणसांना 'पाचच मिनिटं' म्हणून अर्धा तास बसवून ठेवायचं काम.

वाडीत कुठलीही गोष्ट जाळीखालच्या विहिरीइतकीच झाकलेली राहते, म्हणजे सगळं दिसतं. कुणी विल्माला तोंडावर काही म्हटलं नाही. ज्युलिएटकडून दर ख्रिसमसला यायचा तो गोड कुलकुल्यांचा डबा मात्र आला नाही. ॲलॉयशियसला बातमी ओट्यावरच कळली. तो आत आला, जेवणाच्या टेबलापाशी बसला आणि म्हणाला, "मला सांगायला काय झालं होतं? मी मांजरांशिवाय कुणाशी बोलतो?" विल्मा म्हणाली की सांगितलं असतं तर तूही त्या पोरीकडे बघून गप्प बसला असतास आणि मग आपण दोघं झोपलो नसतो. तो म्हणाला, "मी गप्प बसलो नसतो." हे तो रागाने बोलला नाही. विल्माला ते जास्त लागलं.

हैदराबादला ती जाणार होती. तिने नकार दिला, साहेबांच्या तोंडावर नोकरी फेकली, असं काही सांगता आलं असतं तर गोष्ट ऐकायला बरी झाली असती. पण तिने हो म्हटलं होतं आणि लग्न आटोपलं की निघायचं, असं ठरलंही होतं.

लग्नाचाच पेच होता. आमच्याकडे वाडीत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणतात. ताशा-बाजा लावून, लुगडी नेसून बायका विहिरीवर जातात, पाणी भरतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. पहिला गडू भरायचा आणि पहिलं पाणी डोक्यावर घालायचं ते गॉडमदरने. आता कॅरिसाच्या डोक्यावर कोण पाणी घालणार, यावर वाडीत दोन तट पडले. केकवाल्या विल्माला बोरिवलीहून बोलवावं, असंही एका घरातून सुचवण्यात आलं. नाताळ संपल्यावर एका दुपारी ज्युलिएट स्वतः आली. आत आली नाही, पायरीवरच उभी राहिली.

"पाणी तूच घालायचं," ती म्हणाली. "पोरीला एकदा तुझ्या हातात दिली ती दिली. आता मी काय दुसरी गॉडमदर शोधू?"

"कॅरिसा काय म्हणते?"

"तिला विचारलं नाय मी. रिवाजाला काय विचारायचं?"

विल्माने ट्रंकेतलं लाल चौकड्यांचं लुगडं काढलं. आईचं होतं. ते तिला दोन वेळा नेसून सोडावं लागलं, कारण युनिफॉर्मच्या साडीचा हात बसलेला, निऱ्या आपोआप पुढे यायच्या.

त्या संध्याकाळी बाजा वेळेवर आला, हीच काय ती नवलाची गोष्ट. क्रूसापुढे मेणबत्त्या लावल्या, बायका गाणी म्हणत विहिरीकडे निघाल्या, टॉवरच्या बाल्कन्यांतून लोक मोबाइल धरून शूटिंग करायला लागले. विहिरीची जाळी ॲलॉयशियसने आधीच उघडून ठेवली होती. विल्माने गडू भरला, डोक्यावर घेतला आणि ज्युलिएटच्या घरापर्यंत आणला. रस्त्यात तिचा तोल गेला नाही. चालणं ती जन्मात विसरणार नव्हती.

न्हाणीत कॅरिसा पाटावर बसली होती, जुना फ्रॉक घालून, केस सोडून. बायका दाराशी दाटीने उभ्या राहून गात होत्या. विल्माने तिच्या डोक्यावर पाणी घातलं, कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. पाणी गार होतं, कॅरिसाने खांदे आखडले. मग बाकीच्यांनी एकेक तांब्या घातला, कुणीतरी जास्तच घातलं, हशा पिकला आणि बायका मैद्याचे गोल फुगे तळायला आणि गप्पा मारायला चुलीकडे गेल्या. केस पुसायचं काम गॉडमदरकडे राहिलं.

आतल्या खोलीत दोघीच होत्या. कॅरिसा स्टुलावर आणि विल्मा तिच्यामागे टॉवेल घेऊन. बरेच दिवस विल्माने मनातल्या मनात जुळवून ठेवलेलं होतं, ते आता बोलली नाही तर पुन्हा बोलता येणार नव्हतं. उद्या लग्न लागलं की कॅरिसा डॅरेनच्या घरी, भोईवाड्याला जाणार आणि आठवड्याभरात ती स्वतः हैदराबादला.

"मी तुला त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं असं तुला वाटतं," विल्मा म्हणाली. "मलापण वाटलं होतं. खिडकीशी उभी होते मी. पण तू एकटी नव्हतीस ना. तुला सांगायचं आणि मनालीला नाय, शेफालीला नाय, हे मला नाय जमलं. माझी म्हणून तुला वाचवायचं आणि बाकीच्या पोरींना तसंच सोडायचं? उद्या त्यांच्या समोर कशी उभी राहिले असते?"

विल्माने टॉवेल बदलला.

"आणि तू गप्प बसली असतीस का, सांग. मनालीला तरी बोललीच असतीस."

"हो," कॅरिसा म्हणाली. "बोलले असते. लगेच."

"तेच म्हणते मी."

"मनालीने शेफालीला सांगितलं असतं. रात्रीपर्यंत सगळ्यांना कळलं असतं." कॅरिसाने मान वळवली. डोळ्यांत ना राग होता ना पाणी, खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं तिने विचारलं, "मग काय वाईट झालं असतं, आंटी?"

कंपनीचं काय वाईट झालं असतं ते विल्माला तोंडपाठ होतं. दादरच्या हॉटेलात साहेबांनी सांगितलेलं सगळं, फ्लाइट, रद्द होणारी तिकिटं, काय वाचलं नसतं ते. मुलींचं काय वाईट झालं असतं ते ती शोधायला लागली. एकेकीला आठवून बघितलं, मनाली, शेफाली, त्यांच्यामागच्या सगळ्या. कुणाचंच सापडेना. इतके दिवस ती एकीला सांगावं की नाही, यावर स्वतःशी भांडत होती. सगळ्यांना सांगावं, हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

बाहेर ज्युलिएटने फुगे खायला हाक मारली. कॅरिसाने टॉवेल विल्माच्या हातातून हळूच काढून घेतला आणि उरलेले केस तिचे तिने पुसले.